ओरडणारा कोच आणि एका कानाने बहिरा असलेला नवखा गडी : व्हिन्स लोम्बार्डी यांची गोष्ट

अमेरिकेत दरवर्षी फेब्रुवारीत सुपर बोल नावाची मॅच होते. त्या दिवशी तिकडे घराघरात टीव्हीसमोर माणसं जमतात. जिंकणाऱ्या संघाला चांदीची ट्रॉफी मिळते. तिचं नाव लोम्बार्डी ट्रॉफी. हे नाव ज्यांचं आहे ते व्हिन्स लोम्बार्डी या लीगमध्ये एकही मॅच खेळले नव्हते. ते कोच होते. ३ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी ते गेले. आज इतकी वर्षं झाली, तरी कोच कसा असावा ही चर्चा निघाली की पहिलं नाव त्यांचंच येतं.

त्यांची ओळख म्हणजे ओरडणं. मैदानाच्या या टोकाला उभे राहून झापायला लागले की त्या टोकाचा गडी सरळ व्हायचा. पण नुसतं ओरडून कुणी मोठा कोच होत नाही. तसं असतं तर गल्लीगल्लीत मोठे कोच झाले असते. लोम्बार्डींनी नवख्या पोरांना कसं घडवलं, हे बघितलं तर खरी गोष्ट कळते.

आधी खेळ समजून घेऊ

हा फुटबॉल म्हणजे आपली पोरं शाळेच्या मैदानावर पायाने खेळतात तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबुळका असतो. तो हातात घेऊन पळायचं, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकायचा. दोन्हीकडून अकरा-अकरा खेळाडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. समोरचे त्यांना अंगावर जाऊन पाडतात. कबड्डीत चढाई करणाऱ्यावर सगळे तुटून पडतात, तसंच काहीसं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. संघाची चाल चालवणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. खेळ सुरू करताना तो मोठ्याने इशारा देतो. त्या आवाजावर त्याच्या संघातल्या सगळ्यांनी एकाच क्षणी सुटायचं असतं. अर्धा सेकंद उशीर झाला की चाल फसली.

कसायाच्या घरातला मुलगा

लोम्बार्डींचा जन्म ११ जून १९१३ चा, न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागातला. घराणं इटलीहून आलेलं. वडील हॅरी यांचा मटणाचा धंदा. त्यांनी एका हाताच्या बोटांवर काम आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर खेळ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं गोंदवून घेतली होती. पाच भावंडांत व्हिन्स थोरले. थोरल्याने राबायचं, हे घरात ठरलेलंच.

घर देवभोळं. पोरगा धर्मगुरू होणार असं ठरलं आणि पंधराव्या वर्षी त्याला तशा शाळेत घातलं. पण मन मैदानाकडे ओढायचं. शेवटी ते शिक्षण सोडून ते फोर्डहॅम विद्यापीठात गेले आणि तिथल्या फुटबॉल संघात खेळले. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. समोर धिप्पाड गडी. तरी त्या संघाच्या पुढच्या फळीतले सात जण इतके घट्ट उभे राहायचे की पेपरवाल्यांनी त्यांना ग्रॅनाइटचे सात दगड असं नाव पाडलं. त्यातला एक दगड लोम्बार्डी होते.

१९३७ साली पदवी मिळाली, पण काम मिळेना. तिकडे मंदीचा काळ होता. मिळेल ते काम केलं, कायद्याचं शिक्षण सुरू करून अर्ध्यावर सोडलं. अखेर १९३९ मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या इंगलवूड गावच्या हायस्कुलात ते मास्तर म्हणून लागले. लॅटिन, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र शिकवायचं आणि शाळा सुटली की पोरांचा खेळ घ्यायचा. आठ वर्षं त्यांनी हे केलं.

पुढे त्यांच्या हातून जे घडलं त्याचं मूळ या मास्तरकीत आहे. वर्गातल्या सगळ्यात मागे पडलेल्या पोराला कळेपर्यंत धडा पुढे न्यायचा नाही, ही सवय इथली. मोठमोठ्या खेळाडूंनाही ते फळ्यावर खडूने तसंच शिकवायचे. एकच चाल दहा वेळा, वीस वेळा. जॉन मॅडन हे पुढे मोठे कोच झाले. तरुणपणी ते लोम्बार्डींच्या एका शिबिराला गेले होते. आपल्याला सगळं येतं असं त्यांना वाटत होतं. लोम्बार्डी एकाच चालीवर आठ तास बोलले. मॅडन यांना आपल्याला किती कमी कळतं हे त्या दिवशी कळलं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले.

एक्केचाळिसाव्या वर्षी नवखे

शाळेनंतर लोम्बार्डी काही काळ फोर्डहॅमला आणि १९४९ पासून वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत सहायक कोच होते. तिथले मुख्य कोच रेड ब्लेक हे त्यांचे गुरू. मॅचचं फिल्म पुन्हा पुन्हा बघून चुका काढायच्या आणि फाफटपसारा कमी करून मोजक्याच चाली घोटायच्या, हे ब्लेक यांच्याकडून ते शिकले.

१९५४ मध्ये व्यावसायिक लीगमधल्या न्यूयॉर्क जायंट्स संघाने त्यांना बोलावलं. वय ४१. या दुनियेत ते स्वतःच नवखे. कॉलेजातल्या पोरांवर ओरडायची सवय, तसंच इथेही सुरू केलं. जुने खेळाडू पाठीमागे नक्कल करून हसायचे. त्यांनी मांडलेल्या काही चाली या पातळीवर चालणाऱ्याच नव्हत्या.

इथे दुसरा कुणी असता तर आणखी जोरात ओरडला असता. लोम्बार्डी संध्याकाळी खेळाडूंच्या खोलीवर जायला लागले. फ्रँक गिफर्डसारख्या जुन्या खेळाडूंना विचारायचे, ही चाल इथे का चालत नाही, तुम्ही काय कराल. मास्तर विद्यार्थ्यांकडून शिकला आणि खेळाडूंचं मत बदललं. १९५६ मध्ये जायंट्स विजेते झाले.

एका संघात दोन स्वभाव

त्याच जायंट्स संघात बचावाची बाजू टॉम लँड्री सांभाळायचे. एका छताखाली दोन टोकं. लोम्बार्डी तापट, क्षणात चिडणारे, क्षणात मिठी मारणारे, जिंकल्यावर डोळ्यांत पाणी आणणारे. लँड्री थंड. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमान चालवलेले, नंतर इंजिनिअरिंग शिकलेले. मैदानाच्या कडेला टोपी घालून गप्प उभे. खेळाडू चुकला तर आवाज चढवायचा नाही, नुसतं बघायचं. त्यांचं म्हणणं, समोरचा संघ काय करणार हे आधी हिशेबाने ओळखा, मग जोश लागेल तेवढाच लावा. पुढे डॅलस काऊबॉइज संघात त्यांनी २९ हंगाम काढले आणि दोन सुपर बोल जिंकले.

तिसरी तऱ्हा क्लीव्हलंडच्या पॉल ब्राऊन यांची. त्यांनी फुटबॉलला शाळाच केलं. खेळाडूंना वह्या, चालींचं पुस्तक, चक्क लेखी परीक्षा. ते ओरडायचे नाहीत, पण एक तिखट वाक्य असं मारायचे की माणूस आठवडाभर विसरायचा नाही.

तिघंही जिंकले. म्हणजे जिंकायला एकच स्वभाव लागतो असं नाही. प्रश्न असतो तो समोरच्या पोराला तो स्वभाव पोचतो का, हा.

गावाचा संघ

१९५९ मध्ये लोम्बार्डी पहिल्यांदा मुख्य कोच झाले, ते विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे गावच्या पॅकर्स संघाचे. गावाची वस्ती साठ-बासष्ट हजारांची. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. इतर संघ बड्या शहरांचे आणि पैसेवाल्या मालकांचे. पॅकर्सचा मालक कुणी एक नाही. गावकऱ्यांनी शेअर घेऊन संघ उभा केलेला. आपल्याकडे सभासदांचा साखर कारखाना असतो, तसं समजा. फरक एवढाच की या शेअरवर नफा मिळत नाही. मिळतो तो अभिमान.

पण अभिमान वाटावा असं तेव्हा काही उरलं नव्हतं. १९५८ च्या हंगामात बारा मॅचपैकी एक जिंकली, दहा हरल्या, एक बरोबरीत. लीगमधले खेळाडू ग्रीन बेला जाणं म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा समजत.

लोम्बार्डी आले आणि घड्याळच बदललं. दहाची मीटिंग म्हणजे पावणेदहाला हजर. वेळेवर आलेला गडीही उशिरा आलेला धरला जाई. या वेळेला तिकडे आजही लोम्बार्डी टाइम म्हणतात. रात्री ठरलेल्या वेळेनंतर बाहेर सापडला की दंड, पुन्हा सापडला की दंड वाढवून. सरावात जागच्या जागी पळायचं, शिट्टी वाजली की पोटावर पडायचं, लगेच उठून पुन्हा पळायचं. हे पन्नास-साठ वेळा. धिप्पाड गडी उलट्या करायचे.

पहिल्याच वर्षी सात विजय, पाच पराभव. दुसऱ्या वर्षी संघ थेट अंतिम सामन्यात गेला आणि थोडक्यात हरला. त्यानंतर १९६१ च्या सराव शिबिरात लोम्बार्डी हातात चेंडू घेऊन उभे राहिले आणि फुटबॉल कशाला म्हणतात इथपासून शिकवायला सुरुवात केली. समोर देशातले नावाजलेले खेळाडू. मॅक्स मॅगी या मिश्कील खेळाडूने जरा सावकाश सांगा अशी थट्टा केली म्हणतात. पण धडा पोचला. त्या हंगामात पॅकर्सनी अंतिम सामना ३७-० ने जिंकला.

नव्या पोरांचं गाणं

या लीगमध्ये पहिल्या वर्षाच्या खेळाडूला रुकी म्हणतात. रुकीचं आयुष्य सोपं नसतं. कॉलेजात तो हिरो असतो, इथे कुणी ओळखत नाही. जुन्यांच्या बॅगा उचलायच्या, सांगितलं ते आणून द्यायचं. आणि एक जुनी प्रथा म्हणजे गाणं. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले की जुना खेळाडू एखाद्या रुकीचं नाव पुकारतो. त्याने उभं राहून आपल्या कॉलेजचं गीत म्हणायचं. सूर चुकला की हुर्यो, टेबलं बडवणं, भाकरीचे तुकडे फेकणं.

लोम्बार्डींच्या शिबिरातही ही प्रथा होती आणि त्यांना ती आवडायची. दिवसभर शिव्या खाल्लेली पोरं रात्री हसायची. मुळात शिबिरात भीती मोठी असते. त्या काळी यायचे पुष्कळ, टिकायचे चाळीसच्या आसपास. बाकीच्यांच्या दारावर एक दिवस सकाळी कुणीतरी टकटक करतं आणि चालींचं पुस्तक घेऊन कोचकडे जायला सांगतं. पुस्तक परत मागितलं म्हणजे संपलं. घरी जा. अशा टांगत्या तलवारीखाली दोन मिनिटांचं गाणं पोराला संघातला करून टाकतं.

अर्थात अशा प्रथेला दोन्ही धारा असतात. हसवणारी थट्टा कधी छळ होईल सांगता येत नाही. काही ठिकाणी तशी झालीही. फरक पडतो तो वर बसलेला माणूस कुठे थांबवतो, त्यावर.

सगळ्यांना एकाच काठीने हाकलं नाही

जेरी क्रेमर नावाचा तरुण खेळाडू एका सरावात चुकला. लोम्बार्डींनी सगळ्यांसमोर त्याची अक्कल काढली. सराव संपल्यावर क्रेमर कपडे बदलायच्या खोलीत मान खाली घालून बसला होता, खेळ सोडायचा विचार करत. लोम्बार्डी आत आले, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि एक दिवस तू या खेळातला सर्वोत्तम गार्ड होशील असं सांगून निघून गेले. क्रेमर पुढे खरोखर फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचले. त्या दिवशी खोलीत कोच आले नसते तर काय झालं असतं, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं.

बार्ट स्टार यांची तऱ्हा वेगळी. निवडीच्या सतराव्या फेरीत, म्हणजे बऱ्याच उशिरा घेतलेला शांत स्वभावाचा क्वार्टरबॅक. लोम्बार्डींनी त्यालाही सर्वांसमोर झापलं. स्टार त्यांच्या ऑफिसात गेला आणि अदबीने बोलला. मी चुकलो तर इथे बंद दाराआड हवं ते बोला, पण ज्या गड्यांना मी मैदानावर हुकूम द्यायचा त्यांच्यासमोर माझी किंमत घालवू नका, असा त्याचा मुद्दा. लोम्बार्डींनी ऐकलं. त्यानंतर त्यांनी स्टारला चारचौघांत कधी झापलं नाही. एवढ्या तापट माणसाने चूक मान्य करून आपली रीत बदलली, ही साधी गोष्ट नाही.

बचावाची बाजू त्यांनी फिल बेंग्टसन या मितभाषी सहकाऱ्याकडे सोपवली होती. आवाज एकाचा, शांतपणा दुसऱ्याचा. संघ दोन्हींवर चालला.

आणखी एक गोष्ट. त्या काळी अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांचा भेद उघड होता. दक्षिणेतल्या गावांत काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या हॉटेलात जागा मिळत नसे. इटालियन म्हणून हिणवलं जाणं लोम्बार्डींनी स्वतः सोसलं होतं. संघ उतरेल तर सगळा एकत्र उतरेल, ही त्यांची भूमिका. संघात कुणी रंगावरून बोललं तर त्याला जागा नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणून त्यांचा ओरडा सगळ्यांना सारखा वाटायचा. त्यात जात-वर्ण नव्हता.

उणे २५ अंशात शेवटचा डाव

३१ डिसेंबर १९६७. लीगचा अंतिम सामना, ग्रीन बेच्या मैदानावर. समोर जुने सहकारी टॉम लँड्री यांचा डॅलस संघ. थंडी उणे २५ अंश सेल्सिअस. मैदानाखाली गरम ठेवायच्या तारा घातल्या होत्या, त्याही बंद पडल्या. जमीन दगडासारखी. पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटायला लागल्या.

पॅकर्स १४-१७ ने मागे. शेवटची १६ सेकंदं, रेषा हातभर दूर. बार्ट स्टारने कडेला येऊन कोचला सांगितलं की चेंडू मी स्वतःच घेऊन घुसतो. लोम्बार्डींनी होकार दिला. क्रेमरने समोरचा गडी हलवला, स्टार आत पडला. २१-१७. सतराव्या फेरीत घेतलेला एक आणि खेळ सोडायला निघालेला दुसरा, या दोघांनी सामना काढला.

सात वर्षांत पाच विजेतेपदं, त्यात पहिले दोन सुपर बोल. १९६८ मध्ये लोम्बार्डींनी कोचपद सोडून फक्त कारभार बघितला. बेंग्टसन मुख्य कोच झाले, पण संघ उतरणीला लागला. लोम्बार्डींना खुर्चीत करमेना.

लॅरी ब्राऊन

१९६९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या संघाकडे गेले. या संघाने १९५५ नंतर एकाही हंगामात हरल्यापेक्षा जास्त मॅच जिंकल्या नव्हत्या. शिबिरात आठव्या फेरीत घेतलेला लॅरी ब्राऊन नावाचा रुकी होता. पळायला चपळ, टक्कर घ्यायला न भिणारा. पण प्रत्येक चालीला तो किंचित उशिरा सुटायचा. अशी पोरं शिबिरात पहिल्या आठवड्यातच घरी जातात. कोच म्हणतात, लक्ष नाही, मंद आहे. पोरगाही गप्प बसतो.

लोम्बार्डींनी फिल्म लावलं. एकदा, दोनदा, पुन्हा. पोरगा आळशी नव्हता. तो आवाजावर सुटत नव्हता, शेजारचा गडी हलला की हलत होता. लोम्बार्डींनी त्याचे कान तपासायला लावले. ब्राऊन जन्मापासून एका कानाने बहिरा निघाला. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर काढून टाकतील ही भीती.

लोम्बार्डींनी लीगची परवानगी घेऊन त्याच्या हेल्मेटमध्ये ऐकण्याचं यंत्र बसवून घेतलं. ब्राऊन इशाऱ्यावर सुटायला लागला. त्याच हंगामात तो मुख्य धावपटू झाला. पुढच्या वर्षी सगळ्या लीगमध्ये सर्वात जास्त यार्ड त्याने पळून काढले आणि १९७२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वॉशिंग्टनने १९६९ च्या हंगामात सात जिंकल्या, पाच हरल्या, दोन बरोबरीत. चौदा वर्षांचा दुष्काळ संपला.

आयुष्यभर ओरडलेल्या माणसाने ओळखलं की या पोरावर ओरडून उपयोग नाही, त्याला ऐकूच येत नाही. लोम्बार्डींच्या साऱ्या कोचगिरीचं सार यात आलं. त्यांची नक्कल करणारे पुढे पुष्कळ झाले. त्यांनी ओरडणं तेवढं उचललं. फिल्म पुन्हा पुन्हा बघणं राहून गेलं. जिंकणं हेच सर्वस्व अशा अर्थाचं एक वाक्यही लोम्बार्डींच्या नावावर खपतं. ते मुळात दुसऱ्याच एका कोचचं आहे.

किंमतही मोजली

लोम्बार्डी देवमाणूस होते असं नाही. रोज सकाळी चर्चला जाणारा हा माणूस घरी मात्र फार थोडा असायचा. दुसऱ्यांच्या पोरांना त्यांनी घडवलं, पण स्वतःच्या मुलाशी त्यांचं अंतर राहिलं. पत्नी मारी यांनी घर एकटीने ओढलं.

शरीराकडेही दुर्लक्ष केलं. पोटाच्या तक्रारी आधीपासून होत्या. डॉक्टरांनी आतड्याची तपासणी सुचवली होती, ती त्यांनी टाळली. खेळाडूचं दुखणं फिल्मवर ओळखणाऱ्याने स्वतःचं दुखणं अंगावर काढलं. १९७० च्या जूनमध्ये आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा तो हाताबाहेर गेला होता. अवघ्या तीन महिन्यांत सगळं संपलं. वॉशिंग्टनमध्ये त्यांना एकच हंगाम मिळाला.

त्याच वर्षी लीगने सुपर बोलच्या ट्रॉफीला त्यांचं नाव दिलं.

आज आपल्याकडेही गावोगावी कबड्डीचे संघ आहेत, भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमी आहेत, शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभे असलेले सर आहेत. त्या रांगेत एखादं पोर रोज मागे पडत असतं. त्याला दम देणं सोपं आहे. ते का मागे पडतंय हे एकदा नीट बघायला मात्र वेळ काढावा लागतो.